ओव्हाळसाहेबांचं आजारपण

भीमराव ओव्हाळांना काहीही झालेलं नव्हतं. वजन होतं तिथेच होतं, भूक दोन माणसांची होती, आणि वरच्या मजल्यावर फरशी फोडायचं काम चालू असतानाही ते दुपारी निवांत घोरत. तरीसुद्धा त्या हिवाळ्यात खडकीतल्या त्यांच्या सोसायटीतली अर्धी बिऱ्हाडं त्यांच्यासाठी नवस बोलून बसली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांचं सेक्रेटरीपद आता कोणाच्या गळ्यात पडणार याचा घोर लागला होता. काहीही न होता माणूस एवढा आजारी कसा पडू शकतो, हे विचार करण्यासारखं आहे.

त्याचं असं झालं. भीमराव निवृत्त झाले ते परीक्षा मंडळाच्या गोपनीय शाखेतून. प्रश्नपत्रिका छापून, मोजून, सील करून रवाना होईपर्यंत ज्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नाही, त्या माणसांपैकी ते एक. अशा शाखेत आयुष्य गेलं की गोपनीयता अंगात मुरते. मुलगी निकिता दहावीला होती त्या वर्षी त्यांनी घरात गणिताचं नाव काढू दिलं नव्हतं. आज भाजी काय आणली असं कोणी विचारलं, तरी उत्तर देण्याआधी ते विचारणाऱ्याचा हेतू तपासत. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्याजवळ लपवण्यासारखं काही उरलं नाही आणि माणूस आतून सुकायला लागला. सकाळी फिरायला जाणं, सोसायटीच्या पंपावर देखरेख करणं, रविवारी विहारात वंदनेला जाऊन येणं, यात गोपनीय असं काहीच नव्हतं.

अशात एके दिवशी त्यांनी पेपरात एक छोटंसं निवेदन वाचलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका मेडिकल कॉलेजात फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम चालतो, तिथल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी रुग्णाची भूमिका करतील असे ज्येष्ठ नागरिक हवे होते. बाकीचं त्यांनी नीट वाचलंही नाही. ‘परीक्षा’ हा शब्द दिसला तेवढ्यावर त्यांनी बूट घातले.

अभ्यासक्रमाच्या प्रमुख डॉ. तेजस्विनी मॅडम. वयाने निकितापेक्षा थोड्याच मोठ्या, आणि एका हातात कायम फोन. त्यांनी विचारलं, “काका, अभिनयाचा काही अनुभव?”

“नाही,” भीमराव म्हणाले. “परीक्षेचा आहे.”

मॅडमना हे उत्तर फार आवडलं. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ही मुलं डॉक्टर होणार नाहीत, डॉक्टरांच्या बरोबरीने काम करणार. पेशंटची सगळी हकिगत आधी यांनी घ्यायची, प्राथमिक तपासणी करायची, आणि नीट मांडून डॉक्टरांपुढे ठेवायची. हकिगत घेणं हे पुस्तकातून येत नाही. म्हणून खोटा पेशंट खोलीत बसवायचा, विद्यार्थी आत येणार, विचारणार. पेशंटने सुरुवातीला एकच वाक्य बोलायचं. पुढचं सगळं विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर पोटात ठेवायचं.

भीमरावांना भरून आलं. विचारलं तरच सांगायचं. आपणहून एक अक्षर बोलायचं नाही. आपल्यासाठीच कोणीतरी ही व्यवस्था निर्माण केली आहे असं त्यांना वाटलं.

भूमिका वाटताना मात्र त्यांच्या स्वाभिमानाला पहिला धक्का बसला. त्यांच्या मनात हृदयविकार होता. हृदयविकारात एक भारदस्तपणा असतो, छातीवर हात ठेवून बोलता येतं. पण ते दुखणं एका निवृत्त सुभेदारांना गेलं. भीमरावांच्या वाट्याला आले गोविंदराव. गोविंदरावांचं वजन उतरतंय, जेवण जात नाही, आणि शौचातून रक्त पडतंय. ही शेवटची गोष्ट लेकीपेक्षाही लहान मुलींना दर गुरुवारी, एकीमागून एक, सांगायची.

“मॅडम, दुसरं काही नाही का? गुडघा वगैरे?”

“काका, गुडघे सगळे गेले.”

गोविंदरावांच्या हकिगतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांनी हे दुखणं बायकोला सांगितलेलं नव्हतं. ते कोणी विचारलंच तर सांगायचं. “आणि केस बाहेर कोणाला सांगू नका, एवढंच,” असं म्हणून मॅडम फोन घ्यायला गेल्या.

तुम्ही-आम्ही असतो तर संध्याकाळच्या चहाबरोबर बायकोला सगळं सांगून मोकळे झालो असतो, गोविंदरावांच्या नावाने दोघं पोटभर हसलो असतो. भीमरावांनी घरी येऊन हातपाय धुतले आणि ते गप्प बसले.

पहिल्या गुरुवारी कॉलेजच्या रखवालदाराने त्यांना दारातच अडवलं. “कोणाकडे जायचंय?”

“कोणाकडे नाही. मी पेशंटचं काम करतो.”

“पेशंटला काय काम असतं?” रखवालदार म्हणाला, आणि त्याने मागच्या माणसाला आत सोडलं. खरा पेशंट असता तर प्रश्न नव्हता, कॉलेजचा नोकर असता तरी प्रश्न नव्हता. खोट्या पेशंटसाठी त्याच्याकडे रकानाच नव्हता. शेवटी मॅडम खाली आल्या तेव्हा सुटका झाली. पुढच्या गुरुवारी रखवालदार बदललेला होता, त्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आत मात्र भीमराव रंगले. पलंगावर बसायचं, दवाखान्याचा मागे नाड्या बांधायचा निळा झगा घालायचा, आणि पोरांची वाट बघायची. पोरं तऱ्हेतऱ्हेची. एक जण ताप-खोकला-उलटी-जुलाब असं एका दमात म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. पूर्वा नावाची एक हुशार मुलगी दर वाक्याला “डोन्ट वरी अंकल, काही होत नाही” म्हणायची, आणि काय होतंय ते विचारायचंच विसरायची. शेवटी पेशंटने गुण द्यायचे असत, आपलं बोलणं ऐकून घेतलं गेलं असं वाटलं का, यावर. इथे तर भीमरावांच्या हातात जुनी सत्ताच परत आली. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याचा ते निर्दयपणे गुण कापत. अर्धा गुण देता येत नाही असं मॅडमनी सांगितलं तेव्हा, मंडळात आम्ही पाव गुणावरही रात्री काढल्या आहेत, असं ते म्हणाले.

विश्वजीत म्हणून एक मुलगा होता, माण गावाकडचा. घरची जमीन आयटीवाल्यांच्या घशात गेलेली, घरात गाड्या दोन, आणि डॉक्टर एकही नाही म्हणून हा इकडे आलेला. त्याची आजी त्याला आर्धा डाक्टर म्हणायची आणि ते त्याला लागायचं. तो प्रश्न विसरायचा, घाम पुसायचा, आणि मग नुसताच समोर बसून राहायचा. भीमराव त्याला सक्त नापास करत, आणि घरी जाताना रिक्षात त्यांना त्याचंच वाईट वाटे.

घरी कुसुमने एकदा विचारलं, “अहो, गुरुवारी कुठे जाता?”

“काम आहे.”

“काय काम?”

“आहे.”

कुसुमचं आयुष्य या माणसाबरोबर गेलेलं. परीक्षेच्या दिवसांत हे असेच वागतात हे तिला ठाऊक होतं, पण आता कसली परीक्षा? तिने पुढे काही विचारलं नाही. तिथेच सगळं चुकलं म्हणायचं, पण खरं सांगायचं तर चूक तिची नव्हती.

भीमराव तालमी करत ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. एका संध्याकाळी कुसुम वाळत घातलेले कपडे काढायला वर गेली. टाकीमागून नवऱ्याचा आवाज येत होता. आवाज खचलेला, मधे मधे अडखळणारा, कारण भीमरावांना आता भूमिका सापडली होती. “वजन उतरतंय. घास जात नाही. रक्त पडतंय. नाही, बायकोला नाही सांगितलं अजून. कसं सांगायचं तिला?”

कुसुमने कपडे तसेच दोरीवर ठेवले आणि ती जिना उतरून खाली आली.

त्या दिवसापासून भीमरावांच्या घरात सुवर्णकाळ आला. ताटात मऊ भात, त्यावर तूप, बाजूला दुधीची भाजी आणि गोडाचं काहीतरी. टीव्हीचा रिमोट न मागता हातात. टॉवेल पलंगावर टाकला तरी कुसुम तो मुकाट्याने उचलून वाळत घालू लागली. बंगळुरूहून निकिताचा रोज फोन येऊ लागला, आणि ती “बाबा, मी रजा काढून येऊ का?” असं दर वेळी रडक्या आवाजात विचारू लागली. निवृत्त माणसाला उशिरा का होईना किंमत मिळते, असा याचा अर्थ भीमरावांनी काढला. नवरा नावाच्या प्राण्याला चांगली वागणूक मिळाली की ती आपल्या गुणांमुळेच मिळते असं वाटतं, आणि तपास तिथेच थांबतो.

खरा प्रकार त्यांना कळला तो लिफ्टमध्ये. खालच्या मजल्यावरच्या हेमाताईंनी त्यांच्या हातात एक डबा ठेवला. “भाऊ, गव्हांकुराचा रस आहे. अनशापोटी घ्यायचा. आणि मनात काही ठेवू नका. कुसुमताईंना सगळं कळलंय.”

“काय कळलंय?”

“गच्चीवर ऐकलं त्यांनी. माझ्याकडे येऊन पोट भरून रडल्या बिचाऱ्या. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघतायत.” हेमाताईंनी डोळ्याला पदर लावला. “मी कोणालाच नाही बोलले. फक्त आपल्या ग्रुपवर टाकलं, की प्रार्थना करा म्हणून.”

भीमराव डबा हातात घेऊन लिफ्टमधून बाहेर आले. आपली बायको रोज समोर बसून वाढते आहे, आणि मनात हे घेऊन वाढते आहे, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. तडक घरात जाऊन ते म्हणाले, “कुसुम, मला काही झालेलं नाही.”

कुसुम कणीक मळत होती. “बरं,” ती म्हणाली.

“अगं खरंच. धडधाकट आहे मी.”

“मग गुरुवारी तिकडे दवाखान्यात काय करता? समोरच्या संभाजीरावांनी पाहिलंय तुम्हाला, आत शिरताना.”

परीक्षा तोंडावर आली होती. केस बाहेर जाऊ द्यायची नाही असा शब्द दिलेला. आयुष्यात एक पेपर फुटू दिला नाही, तो आता स्वयंपाकघरात फुटणार? “ते सांगता येत नाही,” ते म्हणाले. “थोडे दिवस थांब. परीक्षा… म्हणजे, थोडे दिवस थांब.”

कुसुमने मान हलवली आणि ती पुन्हा कणीक मळायला लागली. कणीक केव्हाच मळून झाली होती.

भीमराव त्या रात्री झोपले नाहीत. सांगावं का? सांगावं. पण ती हेमाला सांगेल, हेमा ग्रुपवर टाकेल, आणि ग्रुपवरच्या कोणाचा तरी भाचा त्याच कॉलेजात निघेल. पुण्यात कोणाचा ना कोणाचा भाचा कुठे ना कुठे असतोच. बायकोची भीती एका पारड्यात आणि दिलेला शब्द दुसऱ्यात, असं तोलत त्यांनी पहाट केली आणि शब्दाचं पारडं जड ठरवलं. माणूस तत्त्वाने वागतो आहे असं स्वतःला वाटत असतं तेव्हा तो घरच्यांना सगळ्यात जास्त छळत असतो, हे त्यांना अजून कळायचं होतं.

बरा माणूस बरा आहे हे सिद्ध कसं करणार? आजाराला रिपोर्ट असतात, बरं असण्याला काय आहे? “मला काही झालेलं नाही” असं ते ज्याला त्याला सांगू लागले, आणि जो तो “सगळे असंच म्हणतात” असं म्हणून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागला. समोरच्या ब्लॉकमधले संभाजीराव, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांना तर शरीर म्हणजे कारखान्याचंच एक खातं वाटे. ते म्हणाले, “ओव्हाळसाहेब, अॅलोपथीच्या नादी लागू नका. ही पोरं तरी कोण तपासणारी? तिथल्या पाटीवर वाचलं मी, फिजिशियन असिस्टंट म्हणे. म्हणजे कंपाउंडरच ना?”

“कंपाउंडर नव्हे,” भीमराव एकदम तडकले. “हकिगत घेणं सोपं नसतं.”

“बघा,” संभाजीराव हेमाताईंना म्हणाले, “चिडचिड वाढलीय. हेही त्यातलंच लक्षण.”

मग सगळ्यांनी मिळून त्यांना कसबा पेठेतल्या एका नाडीवैद्यांकडे नेलं. बोळातून चालत, एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावरचा अंधारा जिना चढून. वैद्यबुवांनी नाडी धरली, डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाले, “आपल्याला काहीही झालेलं नाही. वेळ घालवायला शनिवारवाड्यापुढे बाकं आहेत, तिथे बसत जा.”

भीमरावांना त्यांचे पाय धरावेसे वाटले. पहिल्यांदाच कोणीतरी जाणकाराने चार माणसांसमोर निर्वाळा दिला होता. विजयी मुद्रेने ते मागे वळले, तर हेमाताई कुसुमचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. “धीर धरा ताई,” त्या हळूच म्हणत होत्या. “वैद्यांनी औषधसुद्धा दिलं नाही. म्हणजे किती पुढे गेलं असेल.”

जिना उतरताना कुसुम मधेच थांबली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. भीमरावांनी विचारलं, “काय गं?” ती म्हणाली, “काही नाही, चला.” आणि भीमराव पुढे चालू लागले.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी बूट घालताना भीमरावांना वाटलं, निदान एवढा तरी दिलासा द्यावा. ते म्हणाले, “कुसुम, आज संपेल एकदाचं सगळं. मग मी मोकळा आणि तूही मोकळी.”

ते जिना उतरले. त्या वाक्याचं मागे काय झालं याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

परीक्षेच्या खोलीत निळा झगा घालून ते पलंगावर बसले. कोपऱ्यात परीक्षक. फोन जमा केलेले. एकेक विद्यार्थी येत होता, घंटा झाली की जात होता. पूर्वाने या वेळी खरंच विचारलं, नीट ऐकलं, आणि भीमरावांनी तिला मनापासून चांगले गुण दिले. मग विश्वजीत आला.

तो समोर बसला. दोन-तीन प्रश्न विचारले, पुढचे नेहमीसारखे विसरला. कपाळावर घाम. परीक्षक खाली बघून काहीतरी लिहू लागले. भीमरावांना त्याला पुढचा प्रश्न सुचवावासा वाटला, पण विचारलं तरच सांगायचं.

त्याने बाहीने कपाळ पुसलं. मग पुस्तकातली भाषा सोडून म्हणाला, “काका, घरी ठाऊक हाय का हे?”

“नाही,” भीमराव म्हणाले. “बायकोला नाही सांगितलं.”

“का नाय सांगितलं?”

हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. मॅडमनी याचं उत्तरही दिलेलं नव्हतं. भीमराव घुटमळले. “ती घाबरेल म्हणून.”

“आन् आत्ता त्या घाबरल्या नसतील, असं कशावरनं?” विश्वजीत म्हणाला. तो परीक्षा देतोय हेच विसरला होता. “माझ्या आज्यानं असंच लपवलं होतं. आजीला समदं कळत होतं. ती रोज रातच्याला त्याच्या श्वासाकडं कान लावून जागी राहायची, आन् सकाळी काय नाय झाल्यागत चहा द्यायची. काका, घरातल्या बाईला आपल्या आधी कळतं ओ.”

भीमरावांच्या डोळ्यापुढे गोविंदरावांची बायको आली नाही. कुसुम आली, मळून झालेली कणीक मळत असलेली. ते पलंगावरून उठले.

“काका?” परीक्षक म्हणाले. “वेळ व्हायचीय अजून.”

“मला घरी फोन करायचाय,” भीमराव म्हणाले आणि झग्यासकट खोलीबाहेर पडले.

आयुष्यभर परीक्षेला जपलेल्या माणसाने भर परीक्षेत उठून जावं, याहून मोठा गोंधळ नसेल. पण त्यांना त्या वेळी ते सुचलंही नाही. फोन जमा होता, म्हणून ते फाटकाकडे निघाले, बाहेर कोणाचा तरी मागू म्हणून. झग्याच्या नाड्या सुटून मागे लोंबत होत्या. दारावर आज पुन्हा नवाच रखवालदार होता, आणि निळा झगा घालून पळणारा म्हातारा दिसल्यावर त्याने रखवालदाराने करायला हवं तेच केलं. शिट्टी मारली. “पेशंट पळाला” अशी हाक गेली, दोन वॉर्डबॉय धावत आले, आणि “मी पेशंट नाही, मी पेशंटचं काम करतो” असं भीमराव ओरडत असताना त्यांना खांद्याला धरून चाकाच्या खुर्चीत बसवण्यात आलं.

नेमकी त्याच वेळी फाटकात एक रिक्षा थांबली. तिच्यातून हेमाताई उतरल्या, संभाजीराव उतरले, आणि शेवटी कुसुम. सकाळच्या त्या ‘संपेल सगळं’नंतर त्यांना घरी बसवलं नव्हतं. आणि समोर नवरा खुर्चीत, दोन्ही बाजूंनी धरलेला, झगा विस्कटलेला.

कुसुम धावली नाही. ती चालत आली, वाकली, आणि त्यांच्या झग्याची नाडी बांधू लागली. गाठ बसत नव्हती, ती पुन्हा पुन्हा बांधत होती. “कुठे नेताय यांना?” तिने वॉर्डबॉयला विचारलं. “मी बरोबर येणार.”

तेवढ्यात तेजस्विनी मॅडम धापा टाकत पोहोचल्या आणि सगळं बाहेर आलं. परीक्षा, भूमिका, गोविंदराव, गच्चीवरची तालीम. संभाजीरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. “म्हणजे काहीच नाही यांना?” त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा फसवणूक झाल्याची भावना जास्त होती. हेमाताई मात्र मोकळेपणाने रडल्या आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकायला लागल्या.

“अहो काका,” मॅडम म्हणाल्या, “घरी सांगायला काय हरकत होती? विद्यार्थ्यांना कळू नये, एवढंच म्हणणं होतं माझं.”

भीमराव एवढंच म्हणाले, “त्या विश्वजीतचं नुकसान करू नका. उठून गेलो तो मी. माझ्याकडचे पूर्ण गुण त्याला लिहा.” मॅडम परीक्षा सावरायला वर पळाल्या. हेमाताई संभाजीरावांना चहाला घेऊन गेल्या, कारण त्यांना चहाची गरज होती.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर दोघंच उरली. समोर केस पेपरची खिडकी, तिच्यापुढे लांब रांग, बायकांच्या हातात पिशव्या, कोणाच्या कडेवर मूल.

“चुकलं माझं,” भीमराव म्हणाले. “फार चुकलं, कुसुम. तू घाबरलीस, मला कळत होतं, आणि तरी मी बोललो नाही. मला काय म्हणायचं ते म्हण.”

कुसुम हसली नाही, रागावलीही नाही. ती त्या रांगेकडे बघत होती.

“ही खिडकी कधी बंद होते?” तिने विचारलं.

“का?”

“आलोच आहोत इथवर, तर माझंही दाखवून घ्यावं म्हणते.”

“तुझं काय?”

तिने पदर सारखा केला. “छातीत गाठ लागतेय. डावीकडे.”

आजूबाजूच्या कलकलाटात भीमरावांनी विचारलं, “कधीपासून?”

“निकिता दिवाळीला येऊन गेली, त्याच्याही आधीपासून. तुम्हाला सांगायचं ठरवलंच होतं. तेवढ्यात गच्चीवर तुमचं ऐकलं. म्हटलं, घरात एका वेळी एकानेच आजारी पडावं. तुमचं मार्गी लागलं की मग माझं बघू.”

“काही नसेल गं,” हे वाक्य भीमरावांच्या अगदी ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. त्यांना भीती वाटत होती, पण ते तिच्याकडे वळून बसले.

“दुखते?”

“नाही.”

“वाढलीय?”

कुसुमने विचार केला. “वाढली असेल थोडी.”

“आणखी काय होतं?”

“जिना चढताना, उतरताना दम लागतो. रात्री झोप येत नाही.” मग ती त्यांच्याकडे वळली. “मला भीती वाटते हो.”

भीमराव तिच्याजवळ सरकून बसले, तिला जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलू दिलं, आणि मग उठून दोघं रांगेत उभी राहिली. झगा बदलून यावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

खिडकीपाशी पोहोचेपर्यंत बंद व्हायची वेळ होत आली होती. आतल्या कारकुनाने घाईने वर पाहिलं, निळा झगा पाहिला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अहो काका, तुम्हाला कोणी उभं केलं रांगेत? पेशंटने बाकावर बसायचं.” आणि मग कुसुमकडे वळून, “बाई, तुम्ही सांगा. काय होतंय यांना?”

कुसुमने भीमरावांच्या दंडाला धरून त्यांना हळूच बाजूला केलं आणि ती खिडकीपुढे आली.

“ते नाहीत,” ती म्हणाली. “पेशंट मी आहे.”